परक्या बाटलीतला थेंब

१७५६ साली एडिंबरोमध्ये फ्रान्सिस होम या डॉक्टरांचं ब्लीचिंगवरचं पुस्तक छापून आलं. स्कॉटलंडमधल्या लिननच्या धंद्याला तेव्हा राख लागत असे. चुलीतली साधी राख नव्हे, तर लाकडाची राख पाण्यात धुऊन, ते पाणी आटवून काढलेली पर्ल ॲश. तिच्या पाण्यात कापड उकळलं की मळ सुटे. पण पिंपातून आलेल्या मालात कस किती आणि माती किती, हे नुसतं बघून कळत नसे. होम यांनी एक ड्रॅम राख घेतली, एक भाग नायट्रिक आम्लात सहा भाग पाणी घालून ते पातळ केलं आणि चहाच्या चमच्याने राखेवर ओतत गेले. राख फसफसू लागली. ती फसफस थांबेपर्यंत १२ चमचे लागले. ज्या राखेला कमी चमचे लागतील ती राख हलकी, असा हिशेब.

आज अमेरिकेत किंवा जर्मनीत एखाद्याच्या दिवाणखान्यात जिवंत प्रवाळांची टाकी असते आणि तिच्या खालच्या कपाटात एक लहानसं यंत्र बसवलेलं असतं. दिवसातून चार वेळा ते टाकीतलं थोडं पाणी ओढून घेतं, त्यात आम्ल अगदी बारीक मापाने सोडतं आणि पाण्याची क्षारता किती हा आकडा मालकाच्या मोबाइलवर पाठवतं. काम होम यांचंच आहे. किती आम्ल खर्ची पडलं, यावरून क्षार किती होता ते सांगायचं. फसफशीऐवजी रंग किंवा पीएच बघायचा, एवढाच फरक.

या यंत्राला लागणारी रसायनं, म्हणजे रीएजंट, दर दोनेक महिन्यांनी संपतात. मग यंत्र ज्या कंपनीचं, तिच्याच बाटल्या घ्यायच्या की दुसऱ्या कुणी बनवलेल्या स्वस्त बाटल्या लावायच्या, हा प्रश्न प्रवाळ पाळणाऱ्यांपुढे येतो. प्रश्न आजचा वाटतो, पण त्याचं मूळ होम यांच्या चमच्यात आहे. दुसऱ्या गावच्या ब्लीचवाल्याने पुस्तक वाचून तसाच प्रयोग केला, पण त्याचं मूळ आम्लच कमीजास्त ताकदीचं निघालं, तर त्याचे १२ चमचे आणि होम यांचे १२ चमचे एक कसे धरायचे?

फ्रान्समधल्या रुआँ शहरात फ्राँस्वा देक्रुआझी यांना नेमकी हीच अडचण आली. रसायनशास्त्रज्ञ बर्थोले यांनी क्लोरीनने कापड पांढरं करण्याची रीत काढली होती आणि रुआँ हे कापडाचं गाव. ब्लीचचं पाणी कमी ताकदीचं असेल तर कापड पिवळट राही, जास्त ताकदीचं असेल तर सूतच कुजे. देक्रुआझी यांनी १७९५ मध्ये रेघा आखलेल्या काचेच्या नळीत निळीचं द्रावण आणि ब्लीचचं पाणी एकमेकांत मिसळून, किती निळीचा रंग उडतो यावरून ताकद मोजण्याची पद्धत मांडली. १८०६ मध्ये त्यांनी राखेसाठी अल्कलीमीटर केला. चमच्याच्या जागी माप आलं आणि कारखान्यातल्या कामगारालाही ते वापरता येऊ लागलं.

निळीत मात्र खोट होती. नीळ हे शेतातून आलेलं, हौदात कुजवून काढलेलं पीक. एका पेटीतली नीळ दुसऱ्या पेटीतल्या निळीसारखी नसते, आणि तिचं द्रावण ठेवून दिलं की हळूहळू फिकं पडतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ-लुई गे-ल्युसाक यांनीही आधी निळीवरच काम केलं, पण १८३५ मध्ये त्यांनी मोजमापासाठी आर्सेनिकचं द्रावण पुढे आणलं आणि निळीला केवळ रंग दाखवायचं काम दिलं. रीएजंट बाटलीत पडून बदलतो, म्हणून त्याच्यावर टाकलेला भरवसाही तारखेपुरताच असतो, ही गोष्ट ब्लीचवाल्यांना दोनशे वर्षांपूर्वी कळून चुकली होती.

गे-ल्युसाक यांचं खरं मोठं काम पॅरिसच्या टांकसाळीतलं. चांदीचा कस तोवर भट्टीत शिशाबरोबर वितळवून काढत. त्यात चांदी किंचित कमी भरे, आणि सरकारी खजिन्याच्या हिशेबात तो किंचितपणा फार मोठा होता. १८३२ मध्ये गे-ल्युसाक यांनी ओली पद्धत दिली. चांदी आम्लात विरघळवायची आणि मिठाचं पाणी घालून तिचा पांढरा साका पाडायचा. मिठाचं पाणी असं बनवायचं की त्याच्या बरोबर १०० मिलिलिटरने बरोबर १ ग्रॅम चांदी खाली बसावी. आणि ते पाणी तसं आहे की नाही हे तपासायला काय? शुद्ध चांदी. मीठ कुठल्या आगराचं, कुणी विरघळवलं, याची विचारपूस करायची गरजच उरली नाही. शुद्ध चांदीसमोर जे पाणी खरं उतरलं, ते कामाला घ्यायचं.

फ्रेंचमध्ये 'तीत्र' म्हणजे सोन्याचांदीचा कस. टायट्रेशन हा शब्द तिथून आला. आपल्या सराफ कट्ट्यावरचा सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर गिऱ्हाइकाच्या दागिन्याची रेघ ओढतो आणि शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतो, तेव्हा तोही तेच करत असतो. दगड कुणाच्या दुकानातून आणला याला महत्त्व नाही. शेजारची रेघ खरी हवी.

कोब्लेंझचे औषधविक्रेते कार्ल फ्रिडरिश मोर यांनी १८५५ मध्ये टायट्रेशनवर सबंध ग्रंथ लिहिला. ब्युरेटच्या टोकाला रबराची नळी आणि चिमटा लावून एकेक थेंब सोडता येईल अशी सोय करणारे ते हेच. बारावी सायन्सच्या प्रॅक्टिकलला ज्यांनी पोटॅशियम परमँगनेटच्या ब्युरेटखाली शंकूपात्र हलवत उभं राहून पहिल्या फिक्या गुलाबी झाकेची वाट पाहिली, त्या सगळ्यांनी मोर यांचं नाव ओठांवर घेतलेलं आहे. पात्रातलं मोर्स सॉल्ट त्यांच्याच नावाचं. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि रीडिंग पुन्हा घ्यावं लागतं, ही धाकधूक महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांच्या हाताला ठाऊक आहे!

कापड आणि चांदी यांच्यानंतर पाळी आली समुद्राची. 'चॅलेंजर' हे ब्रिटिश जहाज १८७२ ते १८७६ अशी चार वर्षं जगभरच्या समुद्रांतून फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचं विश्लेषण विल्यम डिटमार यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलं. पाणी कुठल्याही महासागरातलं असो, खारटपणा कमीजास्त असो, त्यातल्या मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळपास तेच राहतं, असं त्यातून पक्कं झालं. डेन्मार्कचे गेओर्ग फोर्खहामर यांनी १८६५ मध्येच हे सांगितलं होतं. म्हणजे एकट्या क्लोराइडचं मोजमाप नीट केलं की खारटपणा काढता येतो. क्लोराइड मोजायला सिल्व्हर नायट्रेट, अर्थात गे-ल्युसाक यांचीच पद्धत उलटी फिरवून.

आता दहा देशांची जहाजं, दहा प्रयोगशाळा, प्रत्येकीचं सिल्व्हर नायट्रेट वेगळ्या कारखान्यातलं. समुद्राच्या खोल थरांतल्या पाण्यात खारटपणाचा फरक इतका बारीक असतो, की प्रयोगशाळांच्या आपसातल्या चुकीत तो सहज बुडून जावा. मार्टिन क्नुडसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने यावर जो उपाय घडवला, तो या सगळ्या कहाणीतला सर्वांत देखणा भाग आहे. सगळ्यांनी एकाच कंपनीचं रसायन घ्यावं असं त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी सगळ्यांना पाणी पाठवलं. खरंखुरं समुद्राचं पाणी, गाळलेलं, क्लोराइड काटेकोर मोजलेलं, काचेच्या नळकांड्यांत भरून दोन्ही टोकं वितळवून बंद केलेलं. विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेलं हे 'कोपनहेगनचं प्रमाण पाणी' जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊ लागलं. ज्याने त्याने आपलं सिल्व्हर नायट्रेट आपल्या घरी बनवावं किंवा हव्या त्या दुकानातून आणावं, आधी हे पाणी तपासावं, आकडा जुळवून घ्यावा आणि मग आपला नमुना हातात घ्यावा.

सत्तरएक वर्षं हे पाणी डेन्मार्कमधून गेलं. १९७५ नंतर काम इंग्लंडमध्ये गेलं आणि आजही तिथूनच चालतं. गोव्यात दोना पावलाला असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली ती आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या पाठोपाठ. कित्येक देशांच्या जहाजांनी मिळून एक महासागर मोजायचा, ही कल्पनाच अशा सामाईक मापाशिवाय उभी राहत नाही.

घरातल्या काचेच्या टाकीत समुद्र आणणारी माणसं या वाटेवर फार उशिरा आली. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली 'निसर्गपद्धत' मांडली. समुद्रातून काढलेले, जीवजंतूंनी भरलेले दगड टाकीत ठेवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे. बाकीचं दगड बघून घेतील. इंडोनेशियाचा समुद्र दारात असलेल्या माणसाला ते साधलं. थंड युरोपात, नळाच्या पाण्यात मीठ कालवून समुद्र करणाऱ्यांना ते तसंच्या तसं साधेना. मासे जगत, मऊ प्रवाळं जगत, पण दगडी प्रवाळं काही आठवड्यांत पांढरी पडत.

कारण रासायनिक होतं. दगडी प्रवाळ पाण्यातला कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन आपला सांगाडा घडवतं. समुद्र अथांग आहे, त्याला हा खर्च जाणवत नाही. चारशे लिटरच्या टाकीला जाणवतो. स्वित्झर्लंडचे पेटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात चुन्याची निवळी थेंबथेंब टाकीत सोडायला सांगितलं. पान खाणाऱ्या घरातल्या चुन्याच्या डबीवर साठणारं ते स्वच्छ पाणी, तीच ही निवळी. बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगड, फेस काढणारं यंत्र, तेजस्वी दिवे आणि ही निवळी यांची सांगड घातली, आणि ॲक्रोपोरासारखी नाजूक प्रवाळं काचेत फांद्या फोडू लागली.

क्षारता मोजायचं एककही त्यामुळे जर्मनच राहिलं. लिटरमध्ये १० मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइडइतकी ताकद म्हणजे एक अंश, अर्थात १ डीकेएच. खुल्या समुद्राचं पाणी साधारण साडेसहा-सात अंशांचं. टाकीवाले बहुधा ७ ते ९ च्या दरम्यान धरतात. नेमका आकडा कोणता यापेक्षा तो हलू नये, याची त्यांना जास्त काळजी. दाट वाढलेली टाकी एका दिवसात एक अंश किंवा त्याहून जास्त खाऊन टाकते.

भारतात हा छंद त्या रूपात वाढला नाही, त्याला रास्त कारण आहे. २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघाला जे संरक्षण तेच त्यांना. मालवणच्या पाण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जी प्रवाळं आहेत ती तिथेच पाहायची, काढायची नाहीत. म्हणून या यंत्रांची बाजारपेठ मुख्यतः अमेरिका आणि युरोपची, जिथे टाकीतच तोडून वाढवलेल्या फांद्यांची देवघेव चालते.

या छंदातली माणसं परकी बाटली वापरायला पहिल्यापासून घाबरलेली नाहीत. क्षारता आणि कॅल्शियम भरून काढायची तयार द्रावणं महाग होती. रॅन्डी होम्स-फार्ली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांची कृती सगळ्यांसाठी खुली केली. कॅल्शियमसाठी रस्त्यावरचा बर्फ वितळवायला पोत्यांनी मिळणारं कॅल्शियम क्लोराइड, आणि क्षारतेसाठी खायचा सोडा, हवा तर ओव्हनमध्ये भाजून. हजारो टाक्या त्यावर पोसल्या गेल्या. ते काम मोजमापाचं नव्हतं, भरपाईचं होतं. द्रावण थोडं पातळ झालं तर पुढच्या मोजणीत दिसून येई. मोजणारी बाटलीच चुकली तर मात्र दाखवून द्यायला कोणी उरत नाही, आणि परक्या रीएजंटची गोष्ट इथे गंभीर होते.

यंत्राने आपोआप रासायनिक चाचणी करायची कल्पना दवाखान्यातून आली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये लेनर्ड स्केग्ज यांना रक्ताच्या चाचण्यांचा ढीग दिसत होता. त्यांनी १९५७ मध्ये जे यंत्र प्रसिद्ध केलं त्यात एका बारीक नळीतून नमुने एकामागून एक वाहत, मधे हवेचा बुडबुडा सोडलेला, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात मिसळू नये. रबरी नळी रुळांनी पिळत पिळत द्रव पुढे ढकलायचा, रसायन मिसळायचं, रंग वाचायचा. टेक्निकॉन कंपनीने ते ऑटोअनालायझर या नावाने विकलं. समुद्रशास्त्रज्ञांनीही ते उचललं आणि पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट त्यावर मोजलं. आज टाकीखालच्या डब्यात जो पंप घरघरतो, तो त्याच नळी पिळणाऱ्या पंपाचा वंशज.

आणि दवाखान्यातूनच आला 'ओपन' आणि 'क्लोज्ड' हा भेद. पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या कुठल्याही तंत्रज्ञाला विचारा. क्लोज्ड सिस्टीममध्ये यंत्र बाटलीवरचा बारकोड वाचतं आणि परकी बाटली नाकारतं. यंत्र कमी भाड्यात किंवा जवळपास फुकटच बसवून दिलेलं असतं आणि कंपनीची कमाई रीएजंटवर होते. ओपन सिस्टीममध्ये कोणाचंही किट चालतं. तंत्रज्ञाने तरंगलांबी, नमुन्याचं माप, वेळ हे सगळं यंत्राला सांगायचं आणि कॅलिब्रेशन करायचं. भारतातल्या छोट्या लॅब मोठ्या प्रमाणात ओपन यंत्रांवर उभ्या राहिल्या, आणि मुंबईची ट्रान्सएशिया, गोव्याची ट्युलिप अशा कंपन्या त्याच बाजारपेठेत वाढल्या. तालुक्याच्या गावात साखरेची तपासणी परवडण्याजोगी राहिली, त्यात या मोकळेपणाचा वाटा मोठा आहे. पण त्या लॅबमध्ये रोज सकाळी पेशंटच्या नमुन्याआधी कंट्रोल सीरम लावलं जातं, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा द्रव. तो आकडा ठरलेल्या मर्यादेत आला नाही तर त्या दिवशी रिपोर्ट द्यायचे नाहीत, ही शिस्तही त्या मोकळेपणाबरोबरच आली.

माझ्या यंत्रात माझाच माल, हा आग्रह अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गाजला, आणि त्यातले दोन खटले प्रवाळवाल्यांनी वाचावेत असे आहेत. पहिला १९३६ चा. आयबीएम हिशेबाची यंत्रं भाड्याने देई आणि अट घाली की छिद्रांची कार्डं आमचीच वापरा. कंपनीचं म्हणणं असं, की कार्डाच्या जाडीत, कागदात जरा खोट असली तर आकडे चुकतील आणि बदनामी यंत्राची होईल. न्यायालयाने विचारलं की चांगलं कार्ड दुसरा कोणी बनवूच शकत नाही का? खुद्द अमेरिकन सरकार १५ टक्के जादा भाडं भरून स्वतःची कार्डं वापरत होतंच. कार्ड कसं हवं ते जाहीर सांगा, पण दुसऱ्याला बाजारातून हाकलू नका, असा निकाल लागला.

दुसरा १९४७ चा, आणि तो तर मिठाचाच. इंटरनॅशनल सॉल्ट कंपनीची दोन यंत्रं होती. एक खडेमीठ विरघळवून मिठाचं पाणी करणारं, दुसरं डबाबंद पदार्थांत मिठाची गोळी सोडणारं. भाडेकरूने मीठ कंपनीचंच घ्यावं, नाहीतर यंत्र तुंबतं आणि दुरुस्ती आमच्या गळ्यात पडते, असा बचाव झाला. कंपनीच्या मिठात सोडियम क्लोराइड सरासरी ९८.२ टक्के होतं. न्यायालयाने म्हटलं, दर्जाची वाजवी अट घालायला हरकत नाही; पण त्या दर्जाचं मीठ दुसरा देत असेल तर त्याला अडवता येणार नाही. दोन्ही निकालांत यंत्रवाल्याची भीती खोटी ठरवलेली नाही. ती भीती मालकाच्या नावाकडून मोजता येणाऱ्या गुणाकडे वळवली आहे, आणि क्नुडसेन यांनी पाणी पाठवून साधलं ते हेच.

घरगुती प्रवाळ टाकीसाठी आपोआप क्षारता मोजणारी यंत्रं गेल्या दशकाच्या अखेरीस बाजारात रुळली. जर्मनीच्या जीएचएलचं केएच डायरेक्टर, हाँगकाँगच्या फोकसट्रॉनिकचं अल्काट्रॉनिक, आणि २०१९ च्या सुमारास कॅलिफोर्नियाच्या नेपच्यून सिस्टिम्सचं ट्रायडंट. ट्रायडंट क्षारतेबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही मोजतं. त्याला ए, बी, सी अशा तीन रीएजंटच्या बाटल्या आणि जुळवणीसाठी एक कॅलिब्रेशनचं द्रावण लागतं. वर्षाकाठी सहा संच असा खर्च पडतो, आणि तिथून मग स्वस्त बाटलीचा शोध सुरू होतो.

परकी बाटली लावली की काय चुकू शकतं, हे कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. समजा, यंत्राने २५ मिलिलिटर पाणी घेतलं, पाणी ८ अंशांचं आहे आणि आम्ल ०.१ नॉर्मल. हिशेबाने ०.७१ मिलिलिटर आम्ल लागेल. बाटलीतलं आम्ल ५ टक्क्यांनी जास्त तीव्र असेल तर ०.६८ मध्येच काम होईल. फरक ०.०३ मिलिलिटरचा, ब्युरेटमधून पडणाऱ्या एका थेंबापेक्षाही कमी. पण यंत्र ७.६ दाखवेल. भरपाईचा पंप त्याच आकड्यावर चालत असेल तर तो सोडा ओतत राहील, पडद्यावर ८ दिसेल तेव्हा टाकी खरोखर ८.४ वर असेल, आणि मालक समाधानाने झोपलेला असेल.

यातली तीव्रतेची चूक मात्र पुसता येते. नवी बाटली लावल्यावर माहीत आकड्याच्या द्रावणाने यंत्र पुन्हा जुळवलं की आम्ल ५ टक्के जास्त असो की कमी, यंत्र ते समजून घेतं. पंपाची झिजलेली नळीही त्याच हिशेबात सावरली जाते. घोळ होतो तो बाटली बदलून जुळवणी न केल्याने, किंवा जुळवणीचं द्रावणही त्याच परक्या दुकानातून आणल्याने. चोराच्या हाती किल्ली देऊन मग कुलूप तपासण्यासारखं ते होतं.

रंगाची गोष्ट अधिक अवघड आहे. केएच डायरेक्टर किंवा अल्काट्रॉनिक पीएचच्या इलेक्ट्रोडने शेवटचा बिंदू ओळखतात. तिथे आम्ल म्हणजे आम्ल. पण जे यंत्र दिव्याच्या ठरावीक प्रकाशात रंग वाचतं, त्याच्या आम्लातला रंग हा अर्धा रीएजंट असतो. ब्रोमोक्रेसॉल ग्रीनसारखा रंग समुद्राच्या पाण्यात नेमका कसा वागतो यावर शास्त्रज्ञांनी स्वतंत्र अभ्यास केले. ब्रेलँड आणि बर्न यांनी १९९३ मध्ये या रंगावरून समुद्राची क्षारता काढण्याची रीत दिली. रंग वेगळा, किंवा तोच पण कमी दाट, तर यंत्राला दिसणारी चढण बदलते, आणि ही चूक एका बिंदूवरच्या जुळवणीने सगळीच्या सगळी निघत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमचं मोजमाप हाताने करायच्या किटमध्ये बहुधा ईडीटीए या रसायनावर चालतं. झुरिकच्या गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी १९४०च्या दशकात रूढ केलेली ती पद्धत. तिथेही रंग कधी पालटतो हे रंगद्रव्य आणि पीएच या दोहोंवर ठरतं. म्हणून परक्या आम्लाला होकार देणारा माणूस परक्या रंगाला सहजी होकार देत नाही, आणि ते योग्यच आहे.

समुद्रशास्त्रात क्षारतेसाठी क्नुडसेन यांच्या पाण्याचं काम करणारी बाटली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांच्या प्रयोगशाळेने १९९०च्या दशकापासून पुरवली. खरं समुद्रपाणी, जंतू वाढू नयेत म्हणून मर्क्युरिक क्लोराइड घातलेलं, क्षारता मोजून बाटलीबंद केलेलं. जगभरच्या समुद्र-आम्लीकरणाच्या अभ्यासाचा टेकू ही एकच प्रयोगशाळा होती. २०२० मध्ये महासाथीने तिचं काम थांबलं, तेव्हा कितीतरी देशांतल्या प्रयोगशाळा उरलेल्या बाटल्या काटकसरीने वापरू लागल्या. आम्ल कुठेही मिळत होतं. मिळत नव्हतं ते आकडा माहीत असलेलं पाणी.

प्रवाळ पाळणाऱ्याला ती विषारी आणि मोलाची बाटली घरी आणायची गरज नाही. जुनी बाटली पुरती संपू न देता तळाशी थोडं रीएजंट राखून ठेवायचं, टाकीच्या एकाच भांडंभर पाण्यावर जुन्या बाटलीने तीन वेळा आणि जुळवणी करून नव्या बाटलीने तीन वेळा आकडे घ्यायचे, बाटलीवर उघडल्याची तारीख मार्करने लिहायची. आणि एक माप स्वतः करायचं. स्वयंपाकघरातल्या नव्हे, शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर २.४० ग्रॅम खायचा सोडा तोलायचा, नव्या पाकिटातला, कोरडा. शुद्ध पाणी घालून बरोबर एक लिटर करायचा. त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन पुन्हा लिटरभर करायचं. हे ८ अंशांचं पाणी. रंग वाचणाऱ्या यंत्रासाठी शेवटच्या लिटरात शुद्ध सोडियम क्लोराइड समुद्राइतकं, ३५ ग्रॅम, घालायचं, कारण गोड्या पाण्यात रंग वेगळा वागतो. मग नळी त्या भांड्यात सोडायची, यंत्र चालू करायचं आणि पडद्यावर कोणता आकडा येतो ते बघायचं.